वाटायचा ब्रेड

आपल्याकडे किराणा दुकानात तांदूळ मागा, सुपारी मागा, नाहीतर तूप मागा, दुकानदार आधी एकच विचारतो, घरचं पाहिजे की वाटायचं? या प्रश्नाचा आजवर कोणाला राग आल्याचं ऐकिवात नाही. उलट आपणच बिनदिक्कत सांगतो, वाटायचं द्या. अमरावतीच्या मंजुषानेही तेच सांगितलं, आणि तिच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर वेगळं काही सांगितलं नसतं.

तिचे सासरे चंद्रभान यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. जबड्याच्या कॅन्सरने गेले. ऑपरेशननंतर भाकर तर सोडाच, त्यांना पोळीही चावता येईना. तेव्हा मंजुषाच्या नवऱ्याने, श्यामने, घरी ब्रेड करायचं यंत्र आणलं. पीठ, पाणी, यीस्ट, मीठ, थोडी साखर, दूध पावडर, लोणी किंवा तेल घालून झाकण लावायचं. मळण्यापासून भाजण्यापर्यंत सगळं तेच करतं. तो मऊ ब्रेड दुधात कुस्करला की म्हाताऱ्याच्या घशाखाली उतरे. शेवटचे महिने मात्र अकोल्याच्या दवाखान्यात उपचार घेण्यात गेले. सासूबाई, दुर्गाबाई, त्यांच्यासोबत तिथल्या धर्मशाळेत राहिल्या. श्याम जमेल तेव्हा एसटीने ब्रेड पोचता करी.

वर्षश्राद्धाला नातेवाइकांच्या पंगती उठवण्यापेक्षा त्याच धर्मशाळेत सगळ्यांना दूध-ब्रेड द्यावा, असं श्यामच्या मनात आलं. विचार चांगलाच होता. मंजुषाने काम हौसेने अंगावर घेतलं. यंत्रातून एका वेळी एकच ब्रेड निघतो, म्हणून दोन दिवस आधीच सुरुवात केली. पण एवढ्या माणसांचं सामान म्हणजे खर्च आला, आणि काटकसर कुठून करायची ते दुकानदाराने सुचवलंच होतं. 'वाटायचा' मैदा आला. त्यात अळ्यांच्या जाळ्या होत्या, त्या तिने चाळून काढल्या. सुटी दूध पावडर आली, जरा पिवळटच. लोण्याऐवजी तिने नवरात्रातल्या अखंड दिव्यासाठी आणलेल्या तुपाचा उरलेला डबा काढला. डब्यावर 'फक्त दिव्यासाठी' असं छापलेलं होतं. देवापुढे चालतं ते माणसाला न चालायला काय झालं, असं मनाशी म्हणत तिने छापील बाजू भिंतीकडे फिरवली. घरच्यांसाठी चांगल्या पिठाचा एक ब्रेड मात्र फडक्यात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवला होता.

मंजुषा वाईट बाई नव्हती. सासऱ्यांच्या जखमेचं ड्रेसिंग तिने कधी नाक न मुरडता केलं होतं. म्हणूनच तर ही गोष्ट सांगावीशी वाटते.

आदल्या दिवशी दुपारी दुर्गाबाई स्वयंपाकघरात आल्या. नवरा गेल्यापासून त्या कामापुरत्याच बोलत. ओट्यावर ब्रेड निवत होते. त्यांनी एकाचा तुकडा मोडून तोंडाकडे नेला, तोच मंजुषाने त्यांचा हात धरला.

"आई, तो नका खाऊ. तुमचा वेगळा ठेवला आहे. हा वाटायचा आहे."

बोलून गेली आणि तिचं तिलाच कसंसं झालं. दुर्गाबाईंनी तुकडा नाकाशी धरला.

"वाटायचा हाय म्हनजे कोनं खायाचा?"

इतक्या लोकांना लोण्याचा ब्रेड कसा परवडेल, असं मंजुषा म्हणाली. शिवाय फुकट मिळालेल्याला कोणी नावं ठेवत नाही.

"नाई ठेवत," दुर्गाबाई म्हणाल्या. "म्याबी नोती ठेवली."

मग त्या खाली बसल्या आणि वर्षभर कोणालाच न सांगितलेलं त्यांनी सांगितलं. शेवटी शेवटी श्यामला जायला जमलं नव्हतं. एका संध्याकाळी चांगल्या घरचे लोक गाडीतून धर्मशाळेत आले, कोणाच्या तरी आठवणीत ब्रेड वाटला, फोटो काढले आणि गेले. ब्रेडला खवट वास होता. दुर्गाबाई तो बाजूला सारत होत्या, पण चंद्रभाननी हात पुढे केला. त्यांना भूक लागली होती. दुधात भिजवून दोन घास गिळले आणि मग कितीतरी वेळ ओकत राहिले. त्यानंतर त्यांनी तोंडात काही घेतलं नाही, आणि थोड्याच दिवसांत गेले.

"ते काई त्या ब्रेडनं मेले नाई, मले समजते. बिमारीच तशी होती. पन ज्या मानसानं जनमभर घरचा गहू खाल्ला, त्याचा शेवटचा घास तो होता, मंजुषा. देनारी बाई तुह्यासारखीच होती, चांगली. तिच्याबी घरी वरच्या फळीवर दुसरा ठेवला असन."

मंजुषाने सासूच्या हातातला तुकडा घेऊन तोंडात टाकला. मेणासारखा थर टाळूला चिकटला आणि घशात खवट उमासा आला. तिला तो थुंकावा लागला. काय करायला निघालो होतो आपण, आणि कोणाच्या नावाने! ती ओट्याला धरून रडली. बऱ्याच वेळाने तिने हळूच विचारलं, हे सगळे गाईला घालू का?

"गाईनं काय केलं तुहं?" दुर्गाबाई म्हणाल्या. "पुरून टाक. अन् स्वस्तात कर न, म्या कुठं महाग म्हनते? जनमभर म्या स्वस्तच रांधलं, पन हलकं नाई रांधलं. जे तुह्या घशाखाली जाते ते कमी खर्चात कसं होईन, ते पाह्य. नाई पुरलं तं थोड्या लोकाईले दे."

मंजुषाने घरातलाच गहू दळून आणला. लोणी हवंच कुठे होतं, स्वयंपाकाचं रोजचं तेल होतं. साखरेऐवजी गूळ घेतला. दूध पावडरीच्या जागी डेअरीतून पनीर केल्यावर उरलेलं पाणी आणलं, ते डेअरीवाला एरवी ओतूनच टाकतो. नुसत्या गव्हाने ब्रेड घट्ट होतो, म्हणून उकडलेला बटाटा कुस्करून घातला. ब्रेड मऊ झाला आणि खर्चही आवाक्यात राहिला. स्वस्ताईची वाट पहिल्यापासून तिच्याच स्वयंपाकघरात होती, फक्त वाटायचं म्हटल्यावर तिने डोकं चालवलंच नव्हतं. पण दिवस हातचा गेला होता. थोडेच ब्रेड झाले.

अकोल्याच्या धर्मशाळेत अकोटकडची एक बाई होती. तिच्या नवऱ्याच्या जबड्याला पट्टी होती. मंजुषाने तुकडा दिला तेव्हा त्या बाईने तोंड वळवून त्याचा वास घेतला, पुन्हा एकदा घेतला, आणि मगच तो दुधात कुस्करला. तिच्या मनात काही नव्हतं, तिला सवयच झाली होती. मंजुषाची मान खाली गेली. त्या बाईच्या नवऱ्याने सावकाश सगळं खाल्लं आणि बोटाने खूण करून आणखी मागितलं. टोपली रिकामी झाली होती.

"रविवारी आणते, नक्की आणते," मंजुषा म्हणाली.

"तवरोक..." ती बाई म्हणाली, आणि रविवारपर्यंतचे दिवस मोजत असल्यासारखं नवऱ्याकडे पाहून त्याचं तोंड पुसू लागली.

वाचकहो, काटकसर जरूर करा, तिच्यात कमीपणा नाही. पण जे आपल्या माणसाच्या ताटात वाढताना हात अडखळतो, ते परक्याच्या ओंजळीत घालू नका. त्याला दान म्हणत नाहीत, अडगळ काढणं म्हणतात. मंजुषा आता दर रविवारी अकोल्याला ब्रेड नेते. अकोटच्या त्या माणसाला मात्र दुसरा तुकडा मिळाला नाही. पहिल्याच रविवारी त्याची खाट रिकामी होती.