लाल पत्रा

वीडाला पुरून तीन आठवडे झाले, तेव्हा तिचा धाकटा भाऊ हार्लन झाडं तोडायची इंजिनची करवत मागायला आला. तिच्या नवऱ्याने, एझेलने, ती ओसरीवर आणून ठेवली. अलाबामाच्या त्या भागात कागदाच्या गिरणीसाठी पाइन तोडणारे सगळे सरळ बारची, म्हणजे सरळ पात्याची, करवत वापरायचे. एझेलच्या करवतीचा बार धनुष्यासारखा वाकवलेला होता, मधे पोकळ, आणि दातेरी साखळी त्याच्या कडेने फिरायची.

"दाजी, ही करवत आहे की खेचराच्या गळ्यातला पट्टा?"

"हसू नकोस. आडवं झाड उभ्या उभ्या कापते. कमरेत वाकावं लागत नाही, ओंडक्यात बार अडकत नाही. माझी पाठ हिनेच वाचवली."

"मग लोक का घेत नाहीत?"

"जाड झाडाला उपयोगाची नाही. आणि पुढच्या टोकाला नको तिथे काही लागलं, तर उसळून सरळ तोंडावर येते."

त्यासाठीच पुढे पत्रा बसवलेला होता. वीडाने तो फाटकाच्या उरलेल्या रंगाने लाल रंगवला होता, लांबूनही दिसावा म्हणून. पण पत्रा रानवेलींत अडकायचा. म्हणून एझेल, तिथले बाकीचे करायचे तसंच, रानात पोचल्यावर तो काढून ट्रकच्या मागच्या पेटीत टाकायचा आणि घरी निघताना परत बसवायचा. हे त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं.

हार्लनने पत्र्यावरून बोट फिरवलं. "ताई बरोबर सांगत होती. अजून नवा दिसतोय."

"काय सांगत होती?"

हार्लन जरा घुटमळला. "रोज संध्याकाळी करवत रॉकेलने तीच पुसायची ना? बार राळेने चिकट, पत्र्यावर मात्र टिपूस नाही. म्हणाली, हार्लन, ह्यांना वाटतं, पत्रा काढतात ते मला कळत नाही. मी भांडले तर लपवून काढतील. त्यापेक्षा मीच सोबत जाते."

नोव्हेंबरपासून वीडा रोज रानात यायची. घरात करमत नाही म्हणायची. ट्रक वळवून तोंड रस्त्याकडे करून लावायची आणि किल्ली एप्रनच्या खिशात ठेवायची. "पळून जायचंय का कुणाबरोबर?" असं तो चिडवायचा. ती म्हणायची, "तुमच्यापेक्षा देखणा भेटू तर दे." जानेवारीत भिजून तिच्या छातीत खोकला बसला, तरी ती आली. घरी राहा, असं तो एकदाच म्हणाला होता. मग दोघांनी डब्यातले सार्डिन मासे खाल्ले आणि तो पुन्हा कामाला लागला.

दवाखाना पंचवीस मैलांवर होता. करवत उसळलीच, तर ती त्याला तिथे पोचवायच्या तयारीत बसलेली असायची. शेवटी त्या खोकल्यापायी त्यानेच तिला नेलं.

तो उठला आणि पाना, हातोडा घेऊन आला. त्याने पत्र्याचे दोन्ही बोल्ट आवळले, करवत दगडावर टेकवली आणि बोल्टची टोकं ठोकून ठोकून चपटी केली. हातोडा एकदा अंगठ्यावर बसला, तरी तो थांबला नाही.

"दाजी, आता हा निघायचा नाही."

"नाही."

"आणि वेलीत अडकला तर?"

"तर थांबायचं. सोडवायचा." एझेलने करवत त्याच्या हातात दिली. "आणि तुझ्या बायकोला घरी राहू दे."