मागली गाडी

“काका, जरा बघता का? चेन मी स्वतःच बसवलीय काल. व्हिडिओ बघून.”

मयूरने हाक मारली तेव्हा प्रभाकरच्या हातात चहाचा अर्धा ग्लास होता. टपरीच्या ताडपत्रीवर पाऊस ताडताड वाजत होता. चार मोटारसायकली रस्त्याच्या कडेला भिजत उभ्या होत्या. प्रमोद आणि गोकुळ दोघंही मघापासून मयूरच्याच गाडीभोवती घुटमळत होते. मुठीएवढा हवेचा पंप काय, मलमपट्टीची पेटी काय, अंधारात चमकणारं पिवळं जाकीट काय! नव्या नवरीचं रुखवत बघावं तसं चाललं होतं त्यांचं.

प्रभाकरने ग्लास खाली ठेवला आणि तो चाकापाशी उकिडवा बसला. तेवीस वर्षं धाग्याच्या कारखान्यात फिटर. त्याला शोधावं लागलं नाही. चेनचे दोन शेवट जोडणारी ती छोटी क्लिप उलटी बसली होती. तिचं उघडं तोंड मागच्या बाजूला हवं, इथे ते पुढे होतं. अशी क्लिप गावातल्या गावात टिकते. खड्ड्याखड्ड्यांतून सरकत जाते आणि एखाद्या वळणावर उडते.

“बरी आहे ना, काका?”

“चांगली बसवली भो,” प्रभाकर म्हणाला आणि गुडघ्यावर हात टेकून उठला.

तोंडातून शब्द गेला आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं. पण गेला तो गेला. त्याने चहा उचलला. चहा गार झाला होता.

चौदा वर्षं झाली होती या फेरीला. श्रावणातला एक रविवार धरायचा आणि सिल्वासाहून खानवेलवरून दुधनीला जायचं. जलाशयाच्या काठी डबे सोडायचे, दुपार कलली की परत फिरायचं. प्रमोद सरकारी कचेरीत कारकून, डहाणूकडचा. गोकुळ नाशिकचा, एका कंपनीत स्टोअर सांभाळायचा. पुढे प्रमोद, मध्ये गोकुळ, शेवटी प्रभाकर. मागल्या गाडीने कोणाच्या पुढे जायचं नाही. कोणी थांबलं की थांबायचं. प्रत्येक फाट्यावर पुढच्यांनी मागल्या गाडीचा दिवा दिसेपर्यंत हलायचं नाही. गोकुळची क्लचवायर तुटली तेव्हा हत्यारांच्या निळ्या पिशवीतून काढून भर पावसात दहा मिनिटांत नवी घातली होती प्रभाकरने. प्रमोदची बायको कल्पना दर वर्षी फोनवर एकच विचारायची, “प्रभाकरभाऊ मागे आहेत ना? मग जा.”

या माणसाला आयुष्यात दुसरं काही फार मिळालं नव्हतं. कारखान्यात त्याच्यामागून आलेले सुपरवायझर झाले. तो फिटरच राहिला. पण श्रावणातल्या त्या एका रविवारी दोन माणसं त्याच्या भरवशावर डोंगर चढत, ही गोष्ट तो वर्षभर मनात जपून ठेवी.

यंदा हिवाळ्यात त्याच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आणि शुक्रवारी ग्रुपवर प्रमोदचा निरोप आला, ‘या वेळी मागे मयूर. प्रभाकरभाऊंनी मध्ये आरामात चालायचं.’ पुढे हात जोडल्याचं चित्र. मयूर म्हणजे प्रमोदच्या बिल्डिंगमधला नवा भाडेकरू, पुण्याहून आलेला इंजिनीअर, वय अठ्ठावीस. प्रभाकरने अंगठा टाकला आणि फोन पालथा ठेवला.

आज पहाटे सिल्वासाजवळच्या सामरवरणीच्या खोलीत त्याने बायकोजवळ, मालतीजवळ, कुरकुर केली. “मला म्हातारा केला यांनी. परवाचं पोरगं अन् ते मागं राहील!” मालतीचा श्रावणी रविवारचा आदित्य राणूबाईचा नेम होता, पूजा होईपर्यंत ती बोलत नसे. तिने ओल्या केसांनी त्याच्या हातात डबा दिला आणि नुसतं बघितलं. तिच्या बघण्याला उत्तर न देता तो जिना उतरला होता.

आता टपरीवर प्रमोदचा फोन वाजला. पलीकडून कल्पना. “हो गं, पाऊस आहे. अगं, मयूर आहे ना मागे! बरं, ठेव.”

प्रभाकरने ते ऐकलं. चौदा वर्षांचं नाव बाईने एका सकाळीत बदललं. होऊ दे म्हणावं, खानवेलच्या पुढे गाडी बंद पडू दे. तो मुठीएवढा पंप घेऊन बसू दे रस्त्यात. मग निळी पिशवी कोणाची उघडते, तेही दिसेल सगळ्यांना. त्याच्या मनात एवढंच होतं. गाडी बंद पडेल. त्यापुढचं त्याने मनाला बघू दिलं नाही.

“चला रे!” प्रमोद ओरडला. “गोकुळभाई, आज एकदम टेन्शन फ्री हां!”

मधल्या जागेवरून गाडी चालवणं म्हणजे वरातीत पाहुण्यासारखं चालणं. पुढे गोकुळच्या चाकाचं पाणी तोंडावर, मागे मयूरचा पांढराफेक दिवा आरशात. कारखाने संपले, भातखाचरं आली, मग सागाची झाडं. पाऊस एकसारखा. दर वळणाला प्रभाकरची नजर आरशात जाई. दिवा होताच. नीट अंतर ठेवून, नियम पाळून. पोरगं चांगलं चालवत होतं, आणि तेच त्याला जास्त लागत होतं.

खानवेलला सगळे थांबले. इथे सांगू, प्रभाकरने ठरवलं होतं. ‘जरा थांब, क्लिप बघू दे पुन्हा.’ एवढंच म्हणायचं होतं. तो मयूरकडे वळलासुद्धा. पण मयूरच पुढे आला आणि लहान मुलाची लावावी तशी त्याच्या रेनकोटच्या टोपीची नाडी बांधू लागला. “काका, पाणी जातंय मानेत. डोळ्यांना त्रास नाही ना होत? हळू जाऊ या का आपण?”

“बघा!” गोकुळ हसला. “सगा मुलगाही एवढं नाही करत, भाऊ.”

प्रभाकरने नाडी त्याच्या हातातून काढून घेतली. क्लिपचं न सांगताच तो आपल्या गाडीवर जाऊन बसला.

पुढे घाट. चढ, मग उतार, मग केसांतल्या आकड्यासारखी वळणं. एका बाजूला कापलेला डोंगर, दुसरीकडे खाली धुक्यात जलाशयाचं पाणी. उतार संपता संपता प्रभाकरने आरशात बघितलं. दिवा नव्हता.

पहिल्यांदा त्याला बरं वाटलं. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. मग त्याला आठवलं, मागे चढ नाही, उतार आहे. चढावर चेन निसटली तर गाडी नुसती थांबते. उतारावर ती चाकात अडकली, तर चाक जागीच धरतं. ओल्या रस्त्यावर. वळणावर.

मालतीचंही मौन असतं, माझंही होतं, असं काहीतरी त्याच्या डोक्यातून गेलं. त्याने पुढच्यांना हॉर्न दिला नाही. सरळ गाडी वळवली.

तिसऱ्या वळणावर पिवळं जाकीट दिसलं. मयूर मोरीच्या कठड्याला टेकून बसला होता. पॅन्ट गुडघ्यावर फाटलेली, रक्त पावसाने पोटरीवर पसरलेलं. बारकू नावाचा तिथलाच एक शेतकरी त्याच्यावर आपली छत्री धरून उभा होता आणि स्वतः भिजत होता. गाडी आडवी, चेन चाकात गुंतलेली.

“पोऱ्या वाचला, भाऊ,” बारकू म्हणाला. “त्या दगडाला डोका आपटला असता ना, तर काय नव्हता. एवढाच राहिला.” त्याने वीतभर अंतर दाखवलं.

मयूर ओशाळून हसला. “काका, तुम्ही कसे आलात? माझंच काहीतरी चुकलं. उगाच स्वतः बसवायला गेलो.”

प्रभाकरने आधी त्याचा गुडघा धुऊन बांधला. मयूरच्याच पेटीतली पट्टी वापरली. हाड शाबूत होतं. मग तो चाकापाशी बसला. गुंतलेली चेन सोडवायला बराच वेळ लागला. निळ्या पिशवीतून त्याने नवी क्लिप काढली, बसवली आणि मान वर न करता म्हणाला, “हे बघ. याचं तोंड मागं पाहिजे.”

मयूर लंगडत जवळ आला. वाकून त्याने बघितलं. पावसाचे थेंब त्याच्या नाकावरून क्लिपवर पडत होते.

“मग सकाळी?”

“सकाळी पुढं होतं.”

“तुम्ही तर बघितली होतीत, काका.”

“बघितली होती. दिसलं होतं मला.”

बारकूला काय कळलं कोणास ठाऊक, तो चार पावलं बाजूला जाऊन खालच्या पाण्याकडे बघत राहिला.

“मग बोलला का नाहीत?”

प्रभाकरला दहा कारणं सांगता आली असती. डोळ्याचं ऑपरेशन होतंच. त्याने फडक्याला हात पुसले. पुसून झाल्यावरही तो पुसतच राहिला. “तू मागं होता म्हणून.”

 मयूरला राग यायला हवा होता, तो अजून आलाच नव्हता. आधी नुसतं न कळणं होतं. “मागे होतो म्हणून? अहो, प्रमोददादा म्हणाले म्हणून राहिलो मी मागे. मला तर पुढे जायचं होतं. फोटो काढायचे होते.”

प्रभाकरने मान हलवली. त्याने निळी पिशवी बांधली.

दुधनीला काठावरच्या पत्र्याच्या शेडखाली प्रमोद आणि गोकुळ वाट बघत होते. मयूरचा पाय बघून दोघंही धावले. सगळी चौकशी झाली. मयूर एवढंच म्हणाला, “चेन तुटली. काकांनी बसवून दिली.” आणि फळीवर पाय लांब करून बसला.

“मी म्हणत नव्हतो?” प्रमोदने प्रभाकरच्या पाठीवर थाप मारली. “शेवटी आपले प्रभाकरभाऊच! चुकलं माझं, भाऊ. येताना मागे तुम्हीच. कल्पनाला सांगतो आता फोन करून.”

सकाळपासून याच शब्दांसाठी जीव तळमळला होता. मयूर खाली बघत होता. तो बोलणार नाही, हे प्रभाकरला कळलं. गप्प बसलं तर सगळं परत मिळत होतं.

“थांब प्रमोद, फोन नको करू,” तो म्हणाला. “क्लिप उलटी होती. याने मला सकाळीच विचारलं होतं. मी बघून चांगली आहे म्हणालो. मला म्हाईत होतं.”

गोकुळ हसला, थट्टा वाटून. मग थांबला. पत्र्यावर पाऊस जोरात वाजत होता.  प्रमोदचा हात पाठीवरून कधी निघाला, ते प्रभाकरला समजलं नाही. तिथली जागा मात्र गार पडली.

डबे उघडले गेले. मालतीने दिलेल्या पुरणपोळ्या मध्ये ठेवल्या. गोकुळने एक तोडून घेतली, “घ्या, घ्या, खाऊन घ्या,” म्हणाला. कोणी जास्त खाल्लं नाही.

निघताना कोणी कोणाला जागा सांगितली नाही. प्रमोदने किक मारली आणि तो गेला. गोकुळ एक क्षण घुटमळला, मग गेला. मयूरने सावकाश पाय उचलून गाडीवर टाकला, प्रभाकरकडे एकदा बघितलं आणि तोही गेला. मागे प्रभाकर उरला.

पुढचे दोन लाल दिवे धुक्यात नाहीसे झाले. मयूरला वेगात जाता येत नव्हतं. दुखरा पाय बाहेर धरून तो वीसच्या वेगाने घाट चढत होता. प्रभाकरही वीसवरच. एका वळणापाशी मयूर कडेला थांबला. गुडघा चोळू लागला. प्रभाकर दहा पावलं मागेच थांबला, जवळ गेला नाही. इंजिन चालू, दोन्ही पाय पाण्यात. मयूरने मागे वळून बघितलं नाही. गुडघा चोळून झाल्यावर त्याने गियर टाकला, गाडी हलली. ती थोडी पुढे जाऊ देऊन मग प्रभाकरने आपला क्लच सोडला.