जयाला दिलेली वेळ

"जा तुमी. वापस यान तवा मी नाई राह्यणार."

जया दारात आडवी उभी होती. सोमाजीच्या खांद्यावर दोराचं वेटोळं होतं. मच्छीमार सोसायटीची आज तलावात जाळं ओढायची, वर्षातली मोठी ओढणी. बायको गोकुळा आईच्या तेरवीला आरमोरीला गेलेली.

"पायरीवर ऊन आलं का येतो," तो लेकीला म्हणाला. "तोवर शेजारची रंभाबाई बसते तुह्यापाशी."

"खोटं बोलून राह्यले. समदेच मले सोडून जाते."

त्याने वाद घातला नाही. सासरहून परतल्यावर जयाला एकदा विहिरीतून काढावं लागलं होतं. गडचिरोलीच्या डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, ते लांब होतं, त्याच्या लक्षात राहिलं नाही. मरायची भाषा केली तर एकटं सोडायचं नाही आणि दिलेली वेळ मोडायची नाही, एवढं राहिलं.

तलावावर जाळं उशिरा पडलं. दोन्ही टोकं काठाकडे यायला लागली तेव्हा सावल्या आखडल्या होत्या; घरच्या पायरीवर ऊन यायची वेळ झाली होती.

"मुखरूभाऊ, मी निंगतो."

सोसायटीचा सेक्रेटरी मुखरू हसला. "आता? पोरगी हाये का ठाणेदार?"

"वेळ देली हाये तिले."

"मासोयाईले बी वेळ देऊन पाय." दोर धरलेले सगळे हसले. मग मुखरूचा आवाज बदलला. "दोर सोडशीन तं वाटा गेला, सोमाजी. पुढच्या ओढणीले बी येऊ नोको."

सोमाजीने घाईघाईने दोर बाभळीच्या बुंध्याला गुंडाळला आणि पळत सुटला. ओले वेढे सरकले. मागे आरडाओरड झाली. जाळ्याची वरची कड पाण्यात बुडाली असणार आणि रोहू तिच्यावरून निघून जात असणार, हे त्याला न पाहताही कळलं.

घरी भात तयार होता. जया अंगणात मासळीसाठी मसाला वाटत होती.

"सकाळपासून तुमचंच नाव," रंभाबाई म्हणाली. "माह्या बाबासारखा कोनी नाई म्हणते."

जयाने त्याचे हात पाहिले. "मासोया कुठी हायेत?"

"तुले वेळ देली होती. तशाच सोडून आलो."

"म्हणजे माह्यापायी गेल्या. आता गाव मलेच बोलन." ती उठून घरात शिरली. "मी मेलेलीच बरी तुमाले."

भाताचं पातेलं अंगणात येऊन पडलं. दार आपटलं.

"आता काय करता, भाऊ?" रंभाबाईने विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं त्याने केलं होतं. यापुढचं त्याला माहीत नव्हतं.

दाराची आतली कडी त्याने कधीच काढून टाकली होती. जया आतून दाराला पाठ लावून बसली होती; फटीतून तिचा पदर दिसत होता. जरा ढकललं असतं तर दार उघडलं असतं. सोमाजी ओल्या कपड्यांनीच उंबऱ्याशी टेकला आणि त्याने बाहेरून दाराला पाठ लावली. तिच्या हुंदक्यांनी फळी हलत होती. हलायची थांबली की तो हळूच विचारायचा, "जया?"

फळी पुन्हा हलायची.