बिनवासाचा रंग

"काय भाऊ, हा दरवाजा कोन्या गाडीचा आनला?"

सावद्याच्या मोतीलालशेठनी गाडीला वळसा घातला आणि ते मोठ्यानं हसले. केळीचा व्यापारी, घड पाहूनच माल ओळखणारा माणूस. त्याच्या नजरेतून काय सुटणार? राखाडी गाडीचा सकाळी रंगवलेला मागचा दरवाजा उरलेल्या गाडीहून सरळसरळ गडद दिसत होता. यादव तायडे मान खाली घालून उभा राहिला. जळगावच्या गॅरेजांत गाड्या रंगवण्यात त्याचं आयुष्य गेलं, पण त्याच्या रंगाला असं कुणी हसलं नव्हतं.

"उद्या न्या शेठ, नीट करून देतो," गॅरेजचा मालक ललित म्हणाला. शेठ गेल्यावर तो यादवकडे वळला. "भाऊ, मशीननं रंग तोलून दिला होता. तुम्ही त्यात काय टाकलं?"

"काळा. थोडासाच. फिका दिसत होता रे."

"पाण्याचा रंग आहे तो. ओला असताना फिकाच दिसतो, वाळला की गडद होतो. सकाळीच सांगितलं ना?"

सांगितलं होतं. पण हाताची खोड अशी जात नाही. थिनरच्या रंगात ओल्यावरून वाळलेला ओळखायचा आणि थेंब थेंब टाकून जुळवायचा, हीच तर यादवची कमाई होती. त्या नजरेसाठी धुळ्याहूनही गाड्या यायच्या. त्याच थिनरनं त्याची छाती खाल्ली. दोन पायऱ्या चढला तरी भाता चालू. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, थिनर सोडा नाहीतर काम सोडा. महिनाभर तो घरी बसला. मग ललितनं पाण्याचा रंग आणला आणि बुडत्याला काडी मिळाली. आज पुन्हा कामावर आल्याचा पहिलाच दिवस होता.

"राग मानू नका भाऊ," ललित खालच्या आवाजात म्हणाला. "अजून एकदा करून बघा. नाहीच जमलं, तर तुम्ही घासायच्या कामाला बसा. रंग मारायची गन दुसऱ्याच्या हातात देतो."

यादवला राग आला नाही. रागालाही दम लागतो. त्यानं पाणी घेतलं, काचपेपर घेतला आणि दरवाजा घासायला बसला. आपल्याच हातचा रंग उतरवताना मात्र त्याला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

दुपारी मशीनचा रंग पुन्हा समोर आला. दुधात राख कालवावी तसा. काळ्याचा डबा हाताशीच होता आणि डोळा सांगत होता, टाक. यादवनं डबा उचलला, झाकण घट्ट लावलं आणि ललितच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"इथंच राहू दे हा."

मग त्यानं गन चालवली, हवा मारली आणि स्टुलावर बसून वाट पाहिली. रंग आपणहून गडद होत गेला, गाडीत मिसळून गेला. वरचं चकाकीचं लॅकर अजून जुन्याच जातीचं, थिनरच्या वासाचं. ते ललितनं मारलं. तोवर यादव रस्त्यापलीकडच्या निंबाखाली जाऊन बसला.

"जमलं की भाऊ!" ललित बाहेर येऊन म्हणाला. "गन तुमच्याकडेच."

"हां," यादव म्हणाला. "पण आता ती कोणीबी चालवंल रे."

घरी मंदाबाईचं एक ठरलेलं असे. यादव गल्लीत वळला की थिनरचा वास त्याच्या आधी घरात शिरायचा. "आलं यांचं अत्तर," म्हणून ती नाक मुरडायची आणि चहाचं आधण ठेवायची. तो चपला काढेपर्यंत कप समोर.

त्या संध्याकाळी यादव घरात आला, चपला काढल्या, खाटेवर बसला. आत मंदाबाई पाठमोरी मेथी निवडत होती. त्यानं हाक मारली नाही. जुडी संपली तेव्हा ती वळली आणि दचकली.

"अगं बाई! कधी आले तुम्ही? वासच नाही आला."

"नाही येणार आता."

ती लगबगीनं उठली, चहाला उशीर झाला म्हणून स्वतःवरच चिडली. आधण ठेवता ठेवता तिनं एकदा मागं वळून त्याच्याकडे पाहिलं.

"उद्यापासून दारातून हाक मारत जा," ती म्हणाली.