शंखबंदी आणि टेबलावरचा राजदंड

मी एक जुना राजदंड आहे, आणि एक अख्खा कायदा मी एकट्याने बदलून घेतला आहे. विश्वास बसत नाही ना? बसणारच नाही. गेल्या वर्षी आलेल्या वर्गाचाही बसला नव्हता. पण मित्रांनो, तुम्ही कायद्याचा अभ्यास करणारी मुलं. साक्षीदाराचं म्हणणं पुरतं ऐकल्याशिवाय निकाल देऊ नये, एवढं तुम्हाला शिकवलं असेलच. तेव्हा जरा निवांत बसा.

माझा जन्म समुद्रापलीकडे, राजाच्या देशातल्या एका सोनाराच्या भट्टीत झाला. अंग चांदीचं, वर सोन्याचं पाणी, डोक्यावर मुकुट. गवताने भरलेल्या पेटीत घालून मला इकडे, या बेटावर धाडलं. वाटेत एका मुशीने, म्हणजे शार्क माशाने, जहाजाचं सुकाणू दातांत धरलं, तेव्हा कप्तानाने मलाच तिच्या नाकावर हाणलं होतं. ती मुशी अजूनही मुकुट दिसला की वाट बदलते म्हणे. ते असो. बेटावर आल्यापासून माझं काम एकच. सभागृह भरायच्या वेळी सभापतींच्या पुढे मिरवत जायचं आणि मधल्या लांब टेबलावर, पितळी आकड्यांवर आडवं व्हायचं. मी तिथे असलो तर सभागृह. मी नसलो तर ती नुसती पंख्याखाली बसलेली माणसं.

त्याच टेबलाच्या खाली आणखी दोन आकडे आहेत. त्यांची गंमत अशी. विधेयक चांगलं की वाईट, हे ठरवायचं ते सभागृहाने. पण त्याचं एकेक कलम सोलून बघायचं झालं, की तेच लोक, त्याच बाकांवर, 'समिती' होतात. सभापती उंच खुर्ची सोडून खाली येऊन बसतात आणि मला टेबलाखालच्या आकड्यांवर उतरवलं जातं. मी वर तर सभागृह, मी खाली तर समिती. कलमात दुरुस्ती करायची ती मी खाली असतानाच. बाहेरच्याला हा पोरखेळ वाटेल. पण आपण या घडीला नक्की काय करतो आहोत, हे सगळ्यांना एका नजरेत कळावं म्हणून तो आहे.

मला उचलायचं काम सभागृहाच्या शिपायाचं, अल्फोन्ससचं. राजाचा झेंडा उतरून आपला चढला, तेव्हा त्याने मला लिंबू लावून असं चमकवलं होतं की लोक माझ्यात बघून टोप्या सारख्या करत होते. पुढे मोठ्या वादळाने इमारतीचं छप्पर नेलं. तेव्हा मी कित्येक महिने त्याच्या खाटेखाली रताळ्यांच्या शेजारी पडून होतो. कुणी विचारलं नाही. मी रताळ्यांपुढे भाषणं केली. त्यांनी मात्र सभासदांपेक्षा शांतपणे ऐकली.

आता मिस युडॉक्सीची गोष्ट. बेटावर वयस्कर बाईला, लग्न झालेलं असलं तरी, मानाने 'मिस'च म्हणतात. ही खाडीवरची मासेवाली. होड्या लागल्या की ती दगडावर उभी राहून आईचा जुना शंख फुंकायची. तो आवाज डोंगरावरच्या घरांपर्यंत जायचा, की तिकडे चुलीवर पाणी चढायचं आणि बाया भांडी घेऊन उतरायला लागायच्या. शंख नाही तर गिऱ्हाईक नाही, आणि दुपारपर्यंत मासा काही कुणाची वाट बघत नाही.

खाडीवर एक नवं हॉटेल आलं. तिथल्या पाहुण्यांची पहाटेची झोप मोडू लागली. मालकाच्या वकिलाने शोधून शोधून एक कायदा काढला, मळेवाल्यांच्या काळातला. तेव्हा गुलाम माणसं शंख फुंकून एकमेकांना डोंगरात जमायला बोलवत. मालक लोकांना त्या आवाजाने कापरं भरायचं, म्हणून त्यांनी बेटावर शंखच बंद केला होता. गुलामी गेली, मळेवाले गेले, राजाचा झेंडाही गेला. कायदा मात्र तसाच, कारण तो रद्द करायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. शिक्षा काय, तर शंख जप्त करून फोडून टाकावा आणि फुंकणाऱ्याला बाजारात बसू देऊ नये.

समन्स घेऊन आलेला पोलीस तिचंच गिऱ्हाईक. कागद देऊन त्याने खाली मान घालून दोन बांगडे मागितले, आणि तिने दिलेही. न्यायाधीशांनाही तो कायदा वाचून लाज वाटली. पण त्यांनी स्पष्ट सांगितलं, "बाई, मला हा कायदा आवडत नाही. पण आवडत नाही म्हणून मी तो खोडू शकत नाही. ते काम रस्त्यापलीकडच्या लाल इमारतीत चालतं. मी एवढंच करतो, निकाल ईस्टरनंतर देतो."

मिस युडॉक्सी टोपली घेऊन तशीच रस्ता ओलांडून आली आणि आपल्या भागाच्या सभासदाला, थिओफिलसला, पायरीवरच गाठलं.

"थिओ, तुझ्या आईला मी कधी शिळा मासा दिला नाही."

"नाही, मिस युडॉक्सी."

"मग हा शिळा कायदा माझ्या गळ्यात का?"

तो म्हणाला की मी विधेयक मांडतो, पण मी एकटा काही करू शकत नाही, अर्ध्याहून जास्त हात लागतील.

"मग गोळा कर हात," ती म्हणाली. "जाळं काय मी एकटी ओढते?"

झालं. थिओफिलसने शंखबंदी उठवण्याचं विधेयक आणलं. पहिल्या वाचनात फक्त नाव वाचलं, वाद नाही. दुसऱ्या वाचनात खरी जुंपली. प्रॉस्परसाहेब म्हणून एक धिप्पाड सभासद आहेत. त्यांनी पाऊण तास भाषण केलं. त्यांचं म्हणणं, आज शंख मोकळा केलात तर उद्या मध्यरात्री जो तो काहीतरी फुंकत बसेल. वर गॅलरीत बसलेल्या मिस युडॉक्सीने शेजारणीला सांगितलं की मध्यरात्री आवाज कुणाच्या घोरण्याचा येतो ते सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. सभापतींनी वर डोळे वटारले, पण हसू काही त्यांना आवरलं नाही. शेवटी हात वर झाले, बहुमत मिळालं आणि कलमं तपासायला विधेयक समितीकडे आलं.

इथेच घोटाळा झाला. ईस्टरच्या सुट्टीआधीची ती शेवटची बैठक. सभापती खुर्ची सोडून खाली बसले. अल्फोन्सस मला उतरवायला वाकला, तर खालच्या आकड्याला एक पिशवी लटकलेली. आत भाजलेला नीरफणस आणि खारवलेला मासा. प्रॉस्परसाहेबांचा डबा. समितीची वेळ क्वचित यायची, त्यामुळे साहेबांनी ते आकडे आपले मानून टाकले होते. भरसभेत मान्यवरांची पिशवी उपसून त्यांची शोभा कशी करायची? अल्फोन्सस पडला भिडस्त. त्याने मला मी होतो तिथेच, वरच ठेवलं आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

काम मात्र सुरू झालं. प्रॉस्परसाहेबांनी दुरुस्ती सुचवली की रात्री शंख नको. थिओफिलसने ती आनंदाने घेतली, होड्या काही रात्री लागत नाहीत. मग विरोधी बाकावरच्या वकीलबाई उठल्या. त्या म्हणाल्या, "आज कायदा रद्द केला, तरी तो जिवंत असताना घडलेला गुन्हा आपोआप पुसला जाईल असं समजू नका. या बाईंचा खटला उभाच राहील. चालू खटलेही संपले, असं वेगळं कलम घाला." सगळ्यांनी, प्रॉस्परसाहेबांनीही, हात वर केले. कलम घातलं. गॅलरीत मिस युडॉक्सीने मांडीवरच्या शंखावरून हात फिरवला.

आणि मी वर. म्हणजे समिती भरलेलीच नाही. म्हणजे ती दोन्ही कलमं हवेतली. पुढे कुणी उठून हे दाखवून दिलं असतं, तर सभापतींना सगळं परत फिरवावं लागलं असतं. सभागृह तर संध्याकाळी सुट्टीवर निघालेलं, आणि निकाल ईस्टरनंतर. शंखाचे तुकडे मला डोळ्यांपुढे दिसू लागले.

मग मित्रांनो, मी श्वास घेतला. अंगातली सगळी चांदी एका कुशीला गोळा केली, आकड्यांवरून उसळी मारली, टेबलभर गडगडत गेलो आणि थेट प्रॉस्परसाहेबांच्या अंगठ्यावर आदळलो.

सभापतींनी माझ्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे, मग अल्फोन्ससकडे.

"हा वरून पडला?" त्यांनी हळूच विचारलं. "म्हणजे इतका वेळ आपण समितीत नव्हतोच?"

पिशवी बाहेर आली. साहेबांचे कान लाल झाले. मला खालच्या आकड्यांवर ठेवलं आणि दोन्ही कलमं पुन्हा पहिल्यापासून वाचून, पुन्हा हात वर करून मंजूर झाली. मग मी पुन्हा वर, सभापती खुर्चीत, तिसरं वाचन, मंजूर. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात वरच्या सभागृहाने होकार दिला, गव्हर्नर-जनरलांनी सही केली, राजपत्रात छापून आलं. आणि गुड फ्रायडेच्या पहाटे, ज्या दिवशी बेटावर प्रत्येक घरात मासा लागतो, त्या दिवशी मिस युडॉक्सी दगडावर चढली. तो आवाज खिडकीतून आत आला आणि माझ्या मुकुटापासून टोकापर्यंत सगळा ताण उतरला. अल्फोन्सस तर दाराशी बसून चक्क रडला. न्यायाधीशांनी ईस्टरनंतर एका वाक्यात खटला निकाली काढला, आणि तेही बांगडे घेऊन गेले.

म्हणून सांगतो, मित्रांनो, कायदा म्हातारा होऊन आपोआप मरत नाही. तो फडताळात पडून राहतो आणि भलत्याच दिवशी भलत्याच माणसाला चावतो. अधूनमधून त्याला उघडून बघत चला, आणि बदलताना सगळ्या पायऱ्या नीट चढा. दर वेळी वाचवायला माझ्यासारखा शूर दंड टेबलावर असेलच असं नाही, कारण त्या दिवशी मी जर एकट्याने उडी...

"खोटं," मागच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली. तिचं नाव जोसेट, खाडीवरची. "मिस युडॉक्सी माझी आजी. ती वरून सगळं बघत होती. अल्फोन्ससकाकांना राहवेना, ते गुपचूप पिशवी काढायला टेबलाखाली शिरले आणि उठताना त्यांचं डोकं आपटलं. म्हणून तू पडलास. आणि अंगठ्यावर नाही, पिशवीतल्या नीरफणसावर पडलास. अंगठ्यावर पडला असतास, तर प्रॉस्परसाहेबांनी दुसऱ्यांदा आजीच्या बाजूने हात वर केला असता का?"