मंगळवारचं सर्टिफिकेट

स्क्रीनवर, साइटच्या पत्त्याच्या डाव्या अंगाला ते एवढंसं कुलूप होतंच – तांदळाच्या दाण्याएवढं, राखाडी, मुकाट – आणि ते तिथं असायला नको होतं, कारण आज सकाळी त्या जागी लाल फुली दिसणार हे अनुयानं गेल्या रविवारी ठरवलं होतं. ठरवलं म्हणजे काय, काहीच करायचं नाही एवढंच, पण तेवढंसुद्धा तिला कुणाच्या नरड्याला हात घालण्याइतकं जड गेलं होतं.

तिचे वडील, विष्णुपंत, कॉम्प्युटरपुढे बसले होते. आंघोळ, देवपूजा आणि मग गंधारची साइट, हा साडेतीन वर्षांचा नेम. चिखलोली धरणावरच्या पक्ष्यांचे फोटो, एवढीच ती साइट. पक्षी ते बघत नसत. कुलपावर टिचकी मारून आतलं सर्टिफिकेट, साइट सुरक्षित असल्याचं, तीन महिन्यांच्या मुदतीचं, कधीपासून कधीपर्यंतचं आहे ते वाचत. आज वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं, आणि चहाचा कप बाजूला सारला.

गंधार तिचा धाकटा भाऊ. खरवईला मित्राकडे जातो म्हणून निघाला, मोबाइल चार्जिंगलाच ठेवून... मित्राकडे पोचला नाही, घरीही आला नाही. पोलीस झाले, इस्पितळं झाली. मग एके दिवशी बाबांना त्या कुलपातली तारीख बदललेली दिसली. अख्खी हयात अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत गेलेला माणूस! त्यांच्या काळी गेटपासची मुदत दर तीन महिन्यांनी संपायची आणि ज्याचा पास त्यानंच साहेबासमोर उभं राहायचं. दुसऱ्याच्या नावावर शिक्का मिळत नसे. म्हणजे गंधार कुठंतरी हजर झाला, हे त्यांनी धरूनच टाकलं. सर्टिफिकेट नवं करायचं काम साइट ठेवलेलं मशीन आपलं आपण करतं, हे तिनं त्याच दिवशी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. पुढच्या खेपेला मशीन अडलं, ‘हे कनेक्शन सुरक्षित नाही’ असं लाल पान आलं, आणि बाबा दोन दिवस जेवले नाहीत. तेव्हा गंधारच्या वहीतून पासवर्ड शोधून तिनं हातानं नवं सर्टिफिकेट घेतलं. मग ते अंगवळणीच पडलं. तेरा वेळा.

पण आता बाबांच्या हृदयाच्या तीन नळ्या तुंबल्या होत्या. डॉक्टर म्हणत होते, महिन्याभरात ऑपरेशन करा, आणि बाबा म्हणत होते, बघू, गंधार येऊ दे. ज्या आशेपायी हा माणूस मरायला निघालाय तिच्यात दर तीन महिन्यांनी तेल आपणच घालतोय, हे कळल्यावर तिनं हात आवरला होता. जुन्याची मुदत आज सकाळी संपायची होती. पान लाल व्हावं, बाबांनी एकदाचं रडून घ्यावं, आणि मग फॉर्मवर सही करावी... तरीही कुलूप.

उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये, कापडाच्या दुकानावरच्या माळ्यावर तिचं ऑफिस होतं. दुकानदारांच्या साइट बनवायचं काम. तिथं पोचल्या पोचल्या तिनं नोंदी उघडल्या. जगात कुठंही सर्टिफिकेट निघालं की त्याची नोंद उघड्यावर राहते, कुणीही पाहावी. तिची तेरा ओळीनं होती. त्यांच्याखाली आणखी एक – काल, मंगळवार, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. त्या वेळी ती एका शेटला त्याच्या साड्यांचे फोटो दाखवत बसली होती. आणि पासवर्ड जगात दोघांनाच ठाऊक, तिला आणि गंधारला.

शेजारच्या टेबलावरच्या धर्मेशला तिनं विचारलं, नाव न घेता, कुणा गिऱ्हाइकाचं असल्यासारखं.

“अगं, होस्टिंगवाले आजकाल खुद ही करून देतात,” तो म्हणाला. “फोन लाव ना, दो मिनिट का काम आहे.”

ज्यांच्या मशीनवर गंधारची साइट होती त्या कंपनीला तिनं लावला. पलीकडे संगीत वाजत राहिलं, मग कुणीतरी ‘बोला’ म्हणालं, आणि तिनं कट केला. ते म्हणाले असते की आम्हीच केलं, तर गंधार आज पुन्हा मेला असता. आणि म्हणाले असते की नाही, कुणीतरी पासवर्ड टाकून आत आलं होतं... तर मग तो आहे. जेवून उठला असेल, दोन वाजून दहा मिनिटांनी बसला असेल, या खेपेला ताईनं केलं नाही हे त्याला दिसलं असेल. म्हणजे ती तेराही वेळा त्याला दिसली असणार! साडेतीन वर्षं तुला मेलेला धरून मी मोरीत नळ सोडून रडले रे, आणि तू तिथून नुसता बघत होतास? बाबा कसे आहेत, एवढं विचारायला काय होत होतं तुला? मेलेल्या भावावर तिचा कधी राग नव्हता. आता मात्र तिला तो समोर हवा होता, थोबाडीत मारायला. त्या रागानंच ती घाबरली, कारण राग जिवंत माणसाचाच येतो.

संध्याकाळी घरी आली तेव्हा बाबा गॅलरीत होते. मांडीवर इस्पितळाची फाइल.

“अनू, हे तुझं नाही,” ते म्हणाले.

ती चप्पल काढता काढता थांबली.

“तुझं दर खेपेला रविवारचं असतं. तेराच्या तेरा. तपासणी खात्यात होतो मी, एवढं दिसतं मला.”

मग ते सावकाश सांगत गेले. पहिल्या एक-दोन वेळा फसलो, नंतर उमगलं. पण पोरीला तेवढाच आधार आहे, तो आपण कशाला काढा, म्हणून गप्प बसलो. जोवर तू वाट पाहतेस तोवर मीही पाहतोय असं दाखवायचं, आणि तू थांबलीस की ऑपरेशनला हो म्हणायचं. रविवार कोरा गेला तेव्हाच त्यांनी फाइल काढून ठेवली होती.

“पण काल मंगळवार होता,” ते म्हणाले. “कुणीतरी हजर झालंय. मग डॉक्टरांना काय सांगू? ऑपरेशनला येतो म्हणून कळवू?”

होस्टिंगवालेच करून देतात, हे धर्मेशचं वाक्य तिच्या जिभेवर होतं. फोनही हातातच होता. बाबा तोंडाकडे बघत होते. त्यांना खरंच तिच्याकडूनच उत्तर हवं होतं.

“थोडं थांबू या, बाबा,” ती म्हणाली.

त्यांनी मान डोलावली. पुढची मुदत तीन महिन्यांनी, तिनं मनात मोजलं. तेव्हाही आपण हात लावायचा नाही, नुसतं बघायचं कोण येतं ते. डॉक्टरांनी महिनाच दिलाय हे तिला आठवत होतं, नीट आठवत होतं. तरी तिनं बाबांच्या मांडीवरची फाइल उचलली, कपाटात साड्यांच्या खाली सरकवली, आणि कपाट लावताना तिला फार दिवसांनी बरं वाटत होतं.