फुलपाखराचं वजन

टेबलावर ठेवलेला फोन थरथरत आपला आपण चालायला लागला. कपाला धडकला, वळला आणि कडेवरून उडी टाकणार, तोच कंपनीच्या मालकीणबाईंनी त्याला धरला.

"वैद्यबुवा, हे फुलपाखरू आहे की मिक्सर?"

वैद्यबुवा औषध-पाणी करत नसत. मोबाइलवरच्या खेळात पाऊस पडला किंवा फुलपाखरू येऊन बसलं, की खेळणाऱ्याच्या हाताला फोन कसा थरथरावा, हे ते ठरवत. फोनची नाडी यांच्या हाती, म्हणून ऑफिसने हे नाव पाडलेलं. त्यांच्या पावसाची थरथर लागली, की माणसं फोन पुसून बघत. एकाने तर म्हणे छत्री उघडली.

पण साखरेच्या आजाराने आधी त्यांची बोटं बधिर केली, मग तळहात. थरथर मंद लागे, म्हणून ते जोर वाढवत गेले. बोलले मात्र कुणाला नाहीत. आपल्याच पोटावर पाय कोण देईल?

"संध्याकाळी खेळ विकत घेणारे येतायत," मालकीणबाई म्हणाल्या. "त्यांच्या हाताला हे असं लागलं, तर खेळही गेला आणि तुम्हीही."

"करतो नीट."

ते बाथरूममध्ये शिरले, कडी लावली आणि फोन जबड्याच्या हाडाला टेकवला. हाड अजून जागं होतं. दाढा खडखडल्या. इतके दिवस आपण लोकांच्या हातावर फुलपाखरू म्हणून धोंडे टाकत होतो! जोर उतरवत उतरवत त्यांनी ते इतकं हलकं केलं, की फुलाचीही झोप मोडू नये.

बाहेर येतात तो मालकीणबाई कॉम्प्युटरपाशी तयार.

"डोळे मिटा. फोन तळहातावर ठेवा. मी इथून फुलपाखरू सोडते. बसलं की सांगा."

आजूबाजूची टकटक थांबली. वैद्यबुवांच्या हाताला काहीच कळेना. तेवढ्यात कीबोर्डची एक कळ वाजली.

"बसलं."

"मी अजून सोडलंच नाही."

वैद्यबुवांनी डोळे न उघडता फोन उचलला आणि जबड्याला लावला.

"आता सोडा."

थोडा वेळ गेला.

"बसलं. पंख मिटले. आता उडालं."

मालकीणबाई पडद्याकडेच बघत राहिल्या. सगळं बरोबर होतं.

"फुलपाखरू हेच ठेवू," त्या हळूच म्हणाल्या. "झकास झालंय. पण उद्यापासून तुम्ही आवाजाच्या टेबलावर बसा. हे काम दुसऱ्या कुणाच्या हाती द्यावं लागेल."

"कान शाबूत आहेत," वैद्यबुवा म्हणाले. "तेवढं बरं."

खेळ विकला गेला. पाहुण्यांपैकी एक जण तर फुलपाखरू उडून जाईल म्हणून श्वास धरून बसला होता.

घरी सोफ्यावर बायकोने सवयीने त्यांच्या हातात हात दिला. सहज खाली नजर गेली, तेव्हा त्यांना ते कळलं. तो हात उचलून त्यांनी जबड्याला टेकवला.

"अहो, मी काय फोन आहे का?"

"हलू नकोस जरा," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.